सगळेच सूर वाकतात

फिजिओथेरपीच्या दाराबाहेर शाळेच्या बाई नंबर धरून बसल्या होत्या. मान आखडली होती, पण कान शाबूत होते. शेजारी धाकट्या भावानं थोरल्याला, त्याचा लुळा डावा हात सांभाळत, बसवलं; त्यांचा नंबर बाईंच्या आधीचा होता.

"ऑर्केस्ट्रात माझ्या जागी कोणाला घेतलं?" थोरल्यानं विचारलं.

"कोणालाच नाही, दादा. तुझी स्टील गिटार मीच कीबोर्डवर काढतो."

"कशी?"

"सूर दाबून डावीकडचं चाक हळूच फिरवायचं. सूर ताणत वर जातो."

"चाकानं सगळेच सूर एकदम वाकतात रे. माझ्या गिटारच्या पायाखालच्या पेडलनं एकच तार चढायची, बाकीच्या जागच्या हलायच्या नाहीत. सगळी ओढ त्यातच आहे."

"माहीत आहे."

"मग दोन कीबोर्ड घे. एकावर सूर धरून ठेव, दुसऱ्यावर चढव."

"त्याला तीन हात लागतात. दोन सूर दाबायला आणि एक चाकाला."

"मग कालच्या कार्यक्रमात काय केलंस?"

"सगळेच वाकवले."

"लोक काही बोलले?"

"नाही."

"आणि आपला गायक? वीस वर्षं माझ्या शेजारी उभा राहून गायलाय तो."

"त्यानं निरोप दिलाय."

"काय म्हणाला?"

"दादाला म्हणावं, सावकाश बरा हो. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही."

आतून थोरल्याचा नंबर पुकारला. दुसऱ्यांदाही तो उठला नाही, तेव्हा बाईंचा पुकारला.