वर्षाचा गुडघा आन् कन्नडची मॅच

मी मूळची खुलताबादची. अब्बांचं दर्ग्यापाशी फुलांचं दुकान, आम्ही चार बहिणी, त्यात मी लई दांडगट, म्हणून कबड्डीत गेले, आन् लग्न होऊन संभाजीनगरला आले तरी कबड्डी काय सुटली नाय. आता किती तरी सालं झाली पोरींना शिकवते, रोज संध्याकाळी मैदानावर. पोरी मला आपा म्हणतात, हिंदूंच्याबी आन् आमच्याबी.

काय सांगू तुम्हाला, कन्नड तालुक्याच्या टीमचं आम्हाला येडच लागलं व्हतं. दर साली गाठ पडायची आन् दर साली त्या आम्हाला लोळवायच्या. मग मी काय करायचे, बाकीच्या मॅचला चांगल्या पोरी बसवून ठेवायचे, जपून ठेवायचे, आन् कन्नडच्या आधी पंधरा दिवस निराळी मेहनत. म्हणायचे, पोरींनो, बाकी सगळं टाइमपास हाय, खरी मॅच ती एकच. किती दिवस राहिले ते भिंतीवर खडूनं लिहायचे, माझ्याच हातानं.

वर्षा माझी चढाईची पोर, गेली की एखादीला बाद करूनच यायची. त्या साली मॅचच्या दोन दिवस आधी तिचा गुडघा सुजला, मला पत्ता नाय. पट्टी गुंडाळली, वरून लांब पँट घातली. मी विचारलं, बरी हायस ना गं, तर हसत म्हणली, ठणठणीत आपा. शेवटच्या चढाईत कन्नडच्या पोरींनी धरली आन् कट्ट झालं, मला बाकड्यावर ऐकू आलं. मॅच आम्ही जिंकलो. हलगी वाजत व्हती आन् वर्षा मॅटवर वरडत व्हती. दवाखान्यात म्हणलं, बेटा, सांगितलं का नाय, तर म्हणती कशी, आपा, तुम्हीच म्हणला ना खरी मॅच एकच, मग कसं सांगू. तिची माय तिथंच उभी व्हती. माझ्याकडं बघितलं आन् पोरीच्या पायावर चादर वढली. वर्षा परत खेळली नाय. आता शिवणकाम करते, मशीन एकाच पायानं चालवते.

तवापासून मी भेते. लाज कशाची, भेते. आता सगळ्या मॅच सारख्या, भिंत पुसून टाकली. समोर कुणीबी असू द्या, आधी एकेकीचा गुडघा, घोटा हातानं दाबून बघते. पोरी हसतात. आमचे हे म्हणतात, इतकं भिऊन शिकवायचं तर घरी बस.

उद्या कन्नडची मॅच हाय. मी तोंडानं एकदाबी म्हणलं नाय की ही निराळी, पण पोरींना कळतंच हो, माझे हातच सांगतात, गुडघा लवकर सोडत नायत. काल दाबताना सानिया म्हणली, आपा, घोटा दुखतोय, ह्या मॅचला मला बसवा. मी तिला छातीशी धरलं, म्हणलं, अल्ला तुझं भलं करो, हरलो तर हरलो.

मग बाकीच्यांना विचारलं. सगळ्या एकदम हसत म्हणल्या, ठणठणीत आपा. परत एकदा सगळ्यांचे गुडघे दाबून बघितले. त्यातली एकबी खोटं बोलत नसंल, एवढीच दुवा करते सकाळपासून.