मूठभर जांभळं

मला एक सांगा, मूठभर म्हणजे कुणाची मूठ? माझी शुगर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फळं खा, पण जांभळं मूठभरच." आता माझ्या मुठीत मावतात किती! म्हणून मी धाकट्या दिराला धरलं. तो तालमीतला पैलवान, त्याच्या एका मुठीत वाडगा भरतो.

पुढच्या तपासणीत शुगर वाढलेली. डॉक्टर बुचकळ्यात. "जांभळं मूठभरच खाता ना?"

"अगदी मूठभर."

शेजारी सासूबाई बसलेल्या. "व्हय डाक्टर, पर मूठ आमच्या पैलवानाची हाय."

डॉक्टरांना हसू आवरेना. "बरं, आणि रोज चालायला सांगितलेलं, त्याचं काय?"

मी सासूबाईंना डोळ्यांनी खुणावलं. उपयोग शून्य.

"चालायलाबी त्योच जातोय."