आमच्या घरचा भूकंप

कुरामोचीबाई : अगं, भूकंप थांबून अर्धा तास झाला. बालगृहातली सगळी मुलं जेवायला बसली, तुझा भाऊ तेवढा टेबलाखाली. आमचं कुणाचं ऐकत नाही, म्हणून तुला हाक मारली.

मिओरी : मी सांगितलं की येतो तो. पण आज माझंही ऐकत नाहीये. असं कधीच झालं नाही.

कुरामोचीबाई : कधीच म्हणजे? पाच वर्षांच्या पोरानं पाहिले तरी किती भूकंप?

मिओरी : आमच्या घरी होतात.

कुरामोचीबाई : तुमच्या एकट्यांच्या घरी?

मिओरी : हळू बोला ना बाई. ऐकेल तो.

कुरामोचीबाई : बरं, ये इकडे खिडकीपाशी. आता सांग.

मिओरी : बाबा वाडगे फेकायला लागले की मी ओरडते, "एइता, भूकंप!" मग तो बालवाडीत शिकवलंय तसा टेबलाखाली जातो, डोक्यावर उशी धरून. मीपण जाते. वाडगे पडतात, आई पडते. भूकंपात पडतंच ना सगळं. बालवाडीच्या बाई म्हणतात, सरावात एइता सगळ्यांत चपळ.

कुरामोचीबाई : असेलच.

मिओरी : हे लिहू नका हं तुमच्या वहीत.

कुरामोचीबाई : लिहावं लागेल, बाळा. पण आधी तुला वाचून दाखवीन. नको वाटलं तर तसंही लिहीन, की मिओरीला हे नको होतं.

मिओरी : बाबांनी आम्हाला कधी हात लावला नाही. मग आम्हालाच का आणलं इथं? आईला का नाही आणलं?

कुरामोचीबाई : दोनदा म्हटलं गं तिला, तुम्हीही चला. "ह्यांच्या जेवणाचं कोण बघेल" म्हणाली. मोठ्या माणसाला उचलून आणता येत नाही मला. आणि तुम्हाला आणलं, कारण नुसता बघितलेला मारही मुलांना लागतोच.

मिओरी : एइतानं काही बघितलं नाहीये. मी बघूच दिलं नाही.

कुरामोचीबाई : आणि तू?

मिओरी : मी मोठी आहे.

कुरामोचीबाई : हो तर! दहा वर्षांची आजीबाई. ऐक, त्याला खरं सांगायला हवं आपण. तू एकटीनं नाही, मी आहे बरोबर.

मिओरी : नको! सुट्टीला बाबा त्याला खांद्यावर घेऊन पुलावर जातात, आगगाड्या दाखवायला. त्याचे तेवढे बाबा तरी राहू द्या. मला घरी पाठवा, मी बघते आईकडे.

कुरामोचीबाई : आईकडे बघायचं काम तुझं नव्हतंच कधी. चल, त्याच्याजवळ बसू. अगं आई गं, हे गुडघे!

(दोघी टेबलाशी जमिनीवर बसतात.)

एइता : ताई, मी ऐकलं.

मिओरी : काय ऐकलंस?

एइता : सगळं. मला माहीतच होतं. भूकंपात वरचा दिवा हलतो. आपल्या घरी कधीच हलला नाही.

मिओरी : मग का जायचास टेबलाखाली?

एइता : मी गेलो की तू पण यायचीस. आधी तू आईबाबांच्या मधे जायचीस. तुला कानावर लागलं होतं.

मिओरी : ते चुकून लागलं होतं.

एइता : रक्त आलं होतं.

कुरामोचीबाई : एइता राजा, मग आज का रे बाहेर येत नाहीस?

एइता : आज दिवा हलला. आज खरा होता.

कुरामोचीबाई : खरा होता. पण संपलाय आता.

एइता : आमच्या घरी पण झाला असेल?

कुरामोचीबाई : झाला असेल. मी लगेच फोन लावला होता आईला. उचलला नाही. पुन्हा लावते.

एइता : आई एकटीच असेल.

मिओरी : नाही रे. आज शनिवार. बाबा घरीच असतात.