रुबाच्या कवितेचा शेवट

— मान हलवू नका, अबू लैथ, वस्तरा आहे हातात. आणि हसताय कशाला? म्हणजे कळलंय तुम्हालाही. या अश्रफिया मोहल्ल्यात काही लपतंय का— अहो, पण गुन्हा काय केला मी? पोरीचं कौतुक केलं! रुबा माझी एकुलती एक, लुवैबदाच्या त्या छोट्या नाट्यगृहात पहिल्यांदा कविता म्हणायला उभी राहणार, तर बाप पहिल्या रांगेत नको? तिने बोलावलं नव्हतं म्हणा. म्हणजे, विसरली असेल. मी कोटाला इस्त्री केली, बायकोला, इन्शिराहला घेतलं, गेलो. बघतो तर काय, सगळी पोरंपोरी जमिनीवर गाद्या टाकून बसलेली, आणि ओळ आवडली की चुटक्या वाजवतात. चुटक्या! मांजराला बोलावतात तशा. मी इन्शिराहला म्हटलं, ही काय दाद झाली? ती म्हणाली, गप्प बसा. तिला दुसरं काही सुचतच नाही.

तर रुबा आली. हातात कागद नाही, सगळं तोंडपाठ. आणि पहिलीच ओळ— ‘आमच्या घरात एक माणूस आहे, माझं वाक्य तो माझ्याआधी संपवतो.’ वा! मी उठलो आणि ओरडलो, ‘पुन्हा म्हण!’ आता तुम्हीच सांगा, ओळ काळजाला भिडली की आपण काय करतो? माझे वडील लग्नात कवीला एकेक ओळ सात-सात वेळा म्हणायला लावायचे, आणि कवी त्यांच्या खांद्याचा मुका घेऊन जायचा. ओरडलो नसतो तर पोरीचा अपमान झाला असता! म्हटली तिने पुन्हा. मग पुढची— ‘मी मीठ मागते, तो मला मिठाचा इतिहास सांगतो’— ‘पुन्हा!’ लोक हसायला लागले. मला वाटलं, रंग चढला, मी आणखी जोरात. चौथ्या ओळीला इन्शिराहने दंडाला असा चिमटा काढला— हे बघा, अजून निळं आहे. कविता कुणावर आहे कळतंय का, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या भावावर असणार, तो फार बोलतो.

हसा, हसा. गाल फुगवा जरा.

पण तिथे नियम आहे, पाच मिनिटांचा. पाच झाली की घंटा, मग कुणी का असेना, उतरायचं. आणि माझ्या ‘पुन्हा-पुन्हा’त संपली की हो पाच मिनिटं! घंटा वाजली, ती तशीच उभी, तोंड उघडंच— माझ्याकडे बघितलं आणि उतरली. शेवट राहिला. तिथूनच मावशीकडे निघून गेली, आज तिसरा दिवस. आणि आता इन्शिराह म्हणते, शेवटी तुमच्याबद्दल चांगलं होतं. महिनाभर स्वयंपाकघरात पोरगी घोकत होती, हिला सगळं पाठ! मी म्हटलं, सांग. नाही म्हणाली, तिच्याच तोंडून ऐका. अहो, दोन ओळी असतील फार तर! मला काही फरक पडत नाही, नुसतं आपलं कुतूहल. काल एका गिऱ्हाइकाची मिशी एका बाजूला बारीक झाली, ते वेगळं. ... माझ्या बापाने माझ्याबद्दल कधी चांगला शब्द काढला नाही हो, अबू लैथ. तिने काढलाय. आणि मीच तो— थांबा, फोन.

तिचाच! हलू नका. — रुबा, बाळा! आधी माझं ऐक. माझं चुकलं, मान्य, पण हेतू बघ ना, तुझे आजोबा लग्नात— बरं, ते राहू दे. जेवलीस का? मावशी तेल फार घालते. हां, शेवट! शेवट म्हणून दाखवायलाच फोन केलायस ना? लगेच ओळखलं मी. म्हण, म्हण, आता एक अक्षर काढणार नाही, अबू लैथ साक्षीला बसलेत समोर, त्यांनाही ऐकू दे, आणि घाई नको, इथे घंटाबिंटा काही नाही, त्या दिवशी तू श्वास नीट घेत नव्हतीस म्हणून सांगतो, एकेक शब्द असा सावकाश, पोटातून— रुबा?

रुबा?

ठेवला.

किती वेळ बोललो मी? खरं सांगा. — नको, नका सांगू. झाली दाढी. उठा आता.