टाकी आली, की पाय उठतो

...नाही, पण मला सांगा, बावन्न वर्षांच्या माणसाने पाव मैलात एकदा, फक्त एकदाच, पाय उचलला तर एवढं काय बिघडलं? माणूस आहे मी! पिस्टन नाही! तुम्हाला सांगतो, प्लम क्रीकच्या शर्यतीच्या पट्टीवर दर शनिवारी चाळीस-चाळीस पिकअप येतात, आणि त्या सगळ्यांना वाटतं, लेलंड स्ट्रंक म्हणजे थंड डोक्याचा माणूस. थंड! अहो, डोकं कसलं, हातपाय थंड पडलेले असतात माझे! हेल्मेटच्या आत काय चाललंय ते बाहेर दिसत नाही म्हणून अब्रू शिल्लक आहे, नाहीतर...

आता ती टाकी. पट्टीच्या डाव्या हाताला, कुंपणापलीकडे, गव्हाच्या शेतात एक पिवळी टाकी आहे, पातळ खताची. बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बरोबर तिच्यासमोर पट्टीला एक उंचवटा आहे. एवढासा! चालत गेलात तर जाणवणारही नाही. पण ताशी पंच्याण्णव मैलांनी गेलात तर? पुढे भलं थोरलं डिझेल इंजिन, मागे हौदा रिकामा, म्हणजे पिकअप मागून आधीच हलकी, आणि तो उंचवटा आला की मागची चाकं क्षणभर जमिनीशी संबंध तोडतात, स्टिअरिंग हातात एकदम मऊ पडतं, पोट वर येतं, जीभ सुकते... आणि पाय उठतो. मी उचलत नाही हं! तो उठतो! आदल्या दिवशी मी त्याला समजावतो, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून जमिनीवर दाबून धरायचा सराव करतो, आमची नोरीन म्हणते, "लेलंड, मुंग्या मारतोयस का?" काही उपयोग नाही. टाकी आली, की पाय उठतो.

माझी वही आहे. प्रत्येक धावेची नोंद. हवा किती गरम, वारा कुठून, टायरमध्ये दाब किती, वेळ किती लागला, आणि शेवटचा रकाना, 'टाकी'. पाय उठला तर तिथे बरोबरची खूण. एकसष्ट धावा, एकसष्ट खुणा. शाळेत कधी एवढे बरोबर आले नव्हते मला.

आणि गंमत ऐका. याच भीतीवर मी जिंकत होतो! कारण आमच्या शर्यतीचा नियमच तसा आहे. धावायच्या आधी प्रत्येकाने आपल्या काचेवर, बुटांच्या पांढऱ्या पॉलिशने, मोठ्या आकड्यात लिहायचं, की मला एवढे सेकंद लागतील. ज्याचा आकडा मोठा त्याला दोघांतल्या फरकाएवढं आधी सोडतात. जो रेघ आधी ओलांडेल तो जिंकला. पण! काचेवर लिहिलंय त्यापेक्षा कमी वेळात पोचलात, तर तुम्ही हरलात. लबाडी केलीत, जास्त पळणारी गाडी कमी सांगितलीत, चला, घरी जा. आणि दोघांनीही तसं केलं, तर ज्याने कमी चोरी केली तो जिंकला. म्हणजे इथे जोरात पळण्यापेक्षा दर वेळी तेवढंच पळण्याला किंमत. आणि दर वेळी तेवढंच काय असतं हो? इंजिन? छे! इंजिन उन्हात एक बोलतं, सावलीत दुसरं. वारा? कॅन्ससचा वारा! माझी भीती मात्र पक्की. तेरा-चाळीस, म्हणजे तेरा सेकंद आणि वर चाळीस शतांश. काचेवर तेरा-चाळीस, धाव संपल्यावर वेळेची पावती मिळते तिच्यावर तेरा-चाळीस, फार तर एकेचाळीस.

आता यात घुसला वेंडेल. वेंडेल म्हणजे नोरीनचा धाकटा भाऊ. इंजिनांना ताकद चढवतो, लॅपटॉप लावून. चांगला पोरगा आहे, चाळिशीचा आहे, पण पोरगाच. त्याने माझ्या गाडीवर वर्षभर जीव टाकला. मोठा टर्बो बसवला. इंजेक्टर बदलले. लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणाला, "दाजी, साठ घोडे वाढवलेत, आता बघा!" बघितलं. तेरा-चाळीस. त्याने आणखी चाळीस घोडे घातले. तेरा-चाळीस! तो बिचारा डोकं खाजवतो. त्याला काय सांगू? की बाबा, तू तिकडे घोडे वाढवतोस, आणि माझा पाय इकडे चार हात आधी उठतो? गाडी जेवढी तगडी, तेवढी टाकी लवकर येते!

सांगायला हवं होतं. मान्य. पण सांगायचं कसं? त्याच्या डोळ्यांत मी म्हणजे... जाऊ दे.

एका माणसाला मात्र माहीत होतं. रॉयस गंटर. पेट्रोलवाला. आमच्याकडे दोन जाती, डिझेलवाले आणि पेट्रोलवाले, खाण्याच्या टपरीवरसुद्धा बाकं वेगळी. रॉयस एका शनिवारी खुर्ची घेऊन टाकीसमोरच्या कुंपणाशी बसला आणि माझ्या इंजिनचा आवाज ऐकला. मग चहाटळासारखा माझ्याजवळ येऊन, माझ्या खांद्यावर हात टाकून, अगदी हळू, "काय रे लेलंड, तुझं गाडं त्या टाकीला सलाम ठोकतं की काय? भर्रर्रर्र... आणि मग एकदम, हूं? तब्येत बरी आहे ना त्याची?"

मी म्हटलं, वारा होता.

"वारा!" म्हणाला. "बरं. मग होऊन जाऊ दे. तुझा फाळका विरुद्ध माझा फाळका."

फाळका म्हणजे पिकअपच्या हौद्याचं मागचं पत्र्याचं दार. आमच्याकडे कट्टर वैर असलं की फाळका लावतात पणाला. हरला त्याने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने बिजागरी काढून द्यायचा. मग तो जिंकलेल्याच्या गॅरेजच्या भिंतीवर, आणि तुम्ही वर्षभर उघड्या ढुंगणाने गावात फिरा. रॉयसच्या भिंतीवर सहा आहेत.

आणि माझा फाळका साधा नाही हो. ही गाडी माझ्या वडिलांची. ते विहिरी खोदायचे. गाडी नवी आणली त्या दिवशी त्यांनी स्वतः ब्रश घेऊन फाळक्यावर लिहिलं, 'स्ट्रंक आणि मुलगा, विहिरी खोदून मिळतील'. आता तो मुलगा कोण? मी. आणि मी आयुष्यात विहिरीत उतरलो किती वेळा? एकदा. अर्धी. तिथून ओरडायला लागलो म्हणून वर ओढला. मी पाण्याच्या मीटरचे आकडे टिपायची नोकरी धरली. पण बाबांनी 'आणि मुलगा' काही पुसलं नाही. तेवीस वर्षं! आठ वर्षांपूर्वी गेले, अक्षरं अजून तशीच.

मी नाही म्हणणारच होतो. शपथ. तोंड उघडलं होतं. पण मागून वेंडेल, हातात सॉसने भरलेला हॉटडॉग, "दाजी घाबरतात की काय? अरे रॉयस, आमच्या दाजींना भीती हा शब्द माहीत नाही!"

शब्द! अहो, सगळं व्याकरण माहीत आहे मला त्याचं!

पुढचा आठवडा झोप नाही. नोरीनला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती, म्हणाली, "मग उठू दे की पाय. त्याच्यावरच तर जिंकतोस." मी म्हटलं, अगं, रॉयसला माहीत आहे ते! तो त्यावरच टपलाय! "मग पाय उठवू नको." मी म्हटलं, ते माझ्या हातात आहे का? "हातात नाही, पायात आहे," म्हणाली, आणि दिवा मालवला.

शनिवार. ऊन रणरणतंय. सकाळी सरावाच्या दोन धावा. तेरा-एकेचाळीस. तेरा-चाळीस. दोन्हीला पाय उठला. वहीत दोन खुणा, एकूण त्रेसष्ट. मी काचेवर पॉलिशने लिहिलं, तेरा-चाळीस. शून्य शेंगदाण्यासारखं आलं. रॉयसने काय लिहिलं? बारा-नव्वद! सगळ्यांना ठाऊक की त्याची गाडी त्याहून पुष्कळ जोरात पळते. म्हणजे डाव कळला ना तुम्हाला? मी अर्धा सेकंद आधी सुटणार, तो मागून येणार, टाकीपाशी मी मेलो की हा मला गाठणार, मग आरामात माझ्यापुढे एक नाक ठेवून, हळूच पाय काढून, बारा-नव्वद लावून रेघ ओलांडणार. माझ्या भीतीवर त्याने वेळापत्रक बांधलं होतं!

जेवायच्या सुट्टीत वेंडेल लॅपटॉप घेऊन माझ्या गाडीत शिरला. मी बाहेर, टाकीकडे बघत. बाहेर आला तो हसत, "दाजी, एक बारीकशी गोष्ट लावून टाकली. नंतर सांगतो."

नंतर सांगतो! तुम्हाला सांगतो, जगातले सगळे अपघात या दोन शब्दांनी सुरू होतात.

चार वाजता रेषेवर. डावीकडे मी, उजवीकडे रॉयस. त्याने काच खाली केली, टाकीकडे बोट दाखवलं, आणि कपाळाला हात लावून सलाम ठोकला. समोर दिव्यांचं झाड. पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा! सुटलो. मान मागे, आभाळ वर, कुठून तरी किंकाळी येतेय, कोण ओरडतंय, मीच. सत्तर. ऐंशी. मागून रॉयसचं पेट्रोल गुरगुरतंय. नव्वद. आणि ती आली... पिवळी... आणि टाकी आली, की पाय उठतो. उठला! चौसष्टावी खूण!

आणि गाडी?

गाडी थांबेना! पाय हवेत, आणि इंजिन पेकाटात लाथ बसल्यासारखं बोंबलत पुढे! मी पायाकडे बघितलं. खरंच बघितलं, पंच्याण्णव मैलांवर! पाय वर, पेडल वर, आणि गाडी म्हणतेय, तू कोण? बाबा आठवले. विहीर आठवली. म्हटलं, कोणीतरी वर ओढा रे! उंचवट्यावरून मागचं सगळं उडालं, पुन्हा बसलं, आडवं झालं, सरळ झालं, मी काही केलं नाही, मी फक्त स्टिअरिंगला लोंबकळत होतो. शेजारी रॉयसचं तोंड दिसलं. असा आ! कारण मी मेलो नव्हतो! त्याचं वेळापत्रक मोडलं! त्याने घाबरून पाय तळापर्यंत दाबला, तोही बोंबलत माझ्या बरोबरीला आला, आणि रेघेच्या थोडं अलीकडे माझा तो हवेतला पाय, आपणहून, कुणालाही न विचारता, ब्रेकवर पडला.

रॉयस एक नाक पुढे निघाला. ओलांडली रेघ. मी मागून. तो खिडकीतून मूठ काढून ओरडतोय, पेट्रोलवाले टोप्या उडवतायत, आणि मी गाडी वळवून आणली, दार उघडलं, आणि उतरता येईना. वेंडेल धावत आला, हातात पावती. माझी वेळ तेरा-शून्य-नऊ. म्हणजे लिहिलं त्यापेक्षा एकतीस शतांश कमी. हरलो. गेला बाबांचा फाळका. मी पाना शोधायला लागलो, खरंच...

"दाजी, थांबा! रॉयसची बारा-सत्तावन्न!"

बारा-नव्वद लिहून बारा-सत्तावन्न. तेहेतीस शतांश. दोघेही चोर, पण माझी चोरी दोन शतांशांनी लहान! आणि ते दोन शतांश कुठून आले? ब्रेकवरून! पायाने वाचवलं, हो, त्याच भित्र्या पायाने!

रॉयसने स्वतःच्या हाताने बिजागरी काढली. फाळका माझ्या हातात देताना म्हणाला, "मानलं तुला. टाकीपाशी तू पाय दाबून धरलास. मी तुला घाबरट समजत होतो." मी म्हटलं, वारा होता.

मग वेंडेलला बाजूला घेतलं. म्हटलं, काय केलंस तू? खरं बोल.

"दाजी, वर्षभर मला झोप नव्हती," तो म्हणाला, डोळ्यांत पाणी. "एवढे घोडे घालतो आणि वेळ हलत नाही. लॅपटॉपवरून गाडीच्या सगळ्या नोंदी काढल्या. प्रत्येक धावेत, एकाच जागी, पेडलचा आकडा शून्य! दाजी तर पाय उचलणार नाहीत. म्हणजे पेडलचा सेन्सर खराब! म्हणून लावून टाकलं, त्या जागेपासून अडीच सेकंद पेडल काय म्हणतं तिकडे लक्षच द्यायचं नाही. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं, नाहीतर काचेवरचा आकडा बदलायला सांगितला असता."

दाजी तर पाय उचलणार नाहीत. आता सांगा, या वाक्यासमोर मी काय तोंड उघडू? सांगणार होतो. आजही सांगणार होतो. सकाळी तो घरी आला, भिंतीवरचा रॉयसचा फाळका बघून खूश झाला, मांडीवर लॅपटॉप. मी दोनदा खाकरलो. नोरीनने मला खूण केली, बोल आता. मी म्हटलं, वेंडेल, हे बघ, तो सेन्सर...

"तेच सांगायला आलोय दाजी! शनिवारचे आकडे बघितले. ब्रेकचा पण गेलाय. रेघेच्या आधीच लागतोय बघा! शुक्रवारी येतो आणि तोही बंद करून टाकतो."

मी नोरीनकडे बघितलं. तिने भांडी पुसायला घेतली.

म्हटलं, ये बाबा. जेवायलाच ये.