सात महिने ‘अगं’वर

…नाही हो, हात दुखत नाही! हात दुखायचा थांबूनच चार महिने झाले. दुखतंय ते हे तोंड! उघडंच आहे ना. ‘अगं’ म्हणालो आणि तेवढ्यात सगळं थांबलं. हातात पळी, पळी वाडग्यावर धरलेली, पळीच्या टोकाला सुपाचा एक थेंब, पडू की नको पडू करत लोंबकळतोय… आणि मी आपला ‘अगं’वर. किती दिवस? दिवस कसले, सात महिने!

आता तुम्ही म्हणाल, तोंड अडकलंय तर हा बोलतोय कसा? मनातल्या मनात बोलतोय. तुम्हाला ऐकू येतंय ही तुमची मेहरबानी.

तुम्हाला सांगतो, मी साधासुधा माणूस नाही. म्हणजे माणूसच नाही म्हणा ना, मी एक कागद आहे. वर लिहिलंय ‘सरदार’, खाली ताकद अठरा, चपळाई बारा, अक्कल सात. सात! हे सात कुणी ठरवलं? फाशांनी. गोंधळू नका, सांगतो. आमच्या आभाळाच्याही वर एक हॉल आहे, हॉलमध्ये जेवणाचं टेबल, आणि टेबलाभोवती चार जण बसून खेळ खेळतात. ते बोलतील तसं आम्ही बोलायचं, ते फासा टाकतील तसं आमचं बरंवाईट व्हायचं. वीस बाजूंचा फासा! वीस पडले की एका घावात राक्षस आडवा, आणि एक पडला की तलवार आपल्याच पायावर. वीस वर्षं काढली हो अशी! गुहा झाल्या, भुतं झाली, ड्रॅगन तर तीन झाले. मग वर एकेकाची कंबर धरायला लागली, आणि त्यांनी ठरवलं, पुरे झाली मारामारी, आपल्या लोकांना आता निवृत्त करू या, एक छानशी खानावळ काढून देऊ.

दिली काढून. दारावर पाटी, ‘तलवारी बाहेर ठेवाव्यात.’ आत शेकोटी, सहा बाकं, एक मोठं पातेलं. वैद्यबाई रांधतात, मी वाढतो, जादूगार शेकोटी पेटवतो आणि तिच्यासमोर झोपतो. सुखाची नोकरी, खोटं कशाला बोलू? फक्त एकच… तीन ड्रॅगन मारले, पण ‘सूप अळणी आहे’ असं एकही ड्रॅगन म्हणाला नव्हता. गिऱ्हाइकं म्हणतात.

तर माझ्या वतीने बोलतो तो दातांचा डॉक्टर. घरात सगळे त्याला दादा म्हणतात. वैद्यबाईंच्या वतीने त्याची धाकटी बहीण. ती गाडी चालवायला शिकवते. दिवसभर लोकांच्या शेजारी बसून ‘ब्रेक… ब्रेक… अहो, ब्रेक म्हणतेय मी!’ जादूगार म्हणजे तिचा नवरा, जावईबापू, विजेचे मीटर तपासतात. आणि सगळी गोष्ट चालवते ती वहिनी, दादाची बायको, वाचनालयात असते. दारात कोण आलं, वारा सुटला का, सगळं ती म्हणेल तसं.

सगळं थांबलं त्या रविवारी दादा टेबलाशी आला तोच फुरंगटून. आदल्या दिवशी कुणाच्या तरी अक्कलदाढेशी दोन तास झटापट केली होती, आणि दाढ जिंकली होती. इकडे खानावळीत वहिनीचं एक गिऱ्हाईक म्हणालं, ‘सूप अळणी.’ वैद्यबाई म्हणाल्या, म्हणजे धाकटी म्हणाली, ‘अळणी नाही हो सरदार, त्यात औषधी पाला घातलाय. पोटाला चांगला.’ झालं! आणि माझ्या तोंडून… माझ्या हं, पण शब्द त्याचे… ‘तुझ्या औषधाने आजवर कुणी बरं झालंय का?’

अहो, कुणाला बोललो मी? ज्या गुहेत माझ्या बरगडीत भाला घुसला, सगळे म्हणाले सोडा याला, वाचत नाही हा, तिथे तीन दिवस माझ्या जखमेवर हात दाबून बसली होती ती. जेवायलासुद्धा हात काढला नाही, जादूगाराने भरवलं तिला. आणि तिलाच विचारतो, कुणी बरं झालंय का! मी झालोय ना! हा काय, पळी घेऊन उभा आहे, बरा झालेला! अक्कल सात म्हणजे नक्की किती, ते त्या दिवशी कळलं मला.

वैद्यबाईंनी पाठ फिरवली आणि भांडी घासायला लागल्या. वर दादा एकदम म्हणाला, ‘अगं…’, मी इकडे तोंड उघडलं, ‘अगं…’, आणि जावईबापूंचा फोन वाजला! कुठला तरी मीटर जळाला. धाकटी पर्स उचलून त्यांच्या आधी दाराबाहेर. आमचे कागद बुटाच्या खोक्यात, खोकं कपाटावर… आणि मी आपला ‘अगं’वर.

खानावळीत वेळ थांबतो ना मग! सूप उकळतंय ते उकळतंयच. जादूगार शिंकायच्या बेतात होता. नाक वर, डोळे मिटलेले, सात महिने ‘आ…’ करून बसलाय. बिचाऱ्याला ‘छी’ मिळेना. दारात एक पाहुणा, एक पाय आत, एक पाय बाहेर. त्या अर्ध्या उघड्या दारातून असा गार वारा येतोय माझ्या मानेवर! आणि वैद्यबाईंची पाठ. मला फक्त पाठ दिसते. चेहरा रडका आहे की रागाचा, काही कळायला मार्ग नाही. तुम्ही राहा बरं सात महिने कुणाच्या पाठीकडे बघत!

पहिले दोन महिने मला वाटलं, वेळ जमत नसेल. खोक्यातून ऐकू येतं ना फोनवरचं. ‘या रविवारी?’ ‘या रविवारी आमच्याकडे रंगारी येणार, वहिनी.’ ‘मग पुढच्या?’ ‘रंग वाळलेला नसेल गं.’ चार महिने रंग वाळत होता हो! घर रंगवत होते की किल्ला? मग शिकाऊंच्या परीक्षा, मग जावईबापूंचा गुडघा. गुडघा! मीटर बघायला शिडीवर चढतो तो माणूस, आणि खुर्चीत बसायला गुडघा आडवा येतो?

मग एका संध्याकाळी वहिनी कपाटातून इस्त्रीचे कपडे काढताना दादाला म्हणाली, ‘तू सरदाराच्या नावाने तिलाच बोललास.’ दादा म्हणाला, ‘अगं, खेळात बोललो मी!’ वहिनी म्हणाली, ‘दीड वर्ष तुमच्या बाबांची औषधं तिने दिली. उठवून, बसवून, चमच्याने. तरी बाबा गेले. आणि तू तिला विचारतोस, तुझ्या औषधाने कुणी बरं झालंय का.’

दादाने कपाटाचं दार लावलं.  माझं तर तोंडच अडकलेलं, पण मोकळं असतं तरी काय बोललो असतो? वाईट वाटलं हो. भाला घुसला तेव्हा वाटलं नव्हतं इतकं.

तेव्हापासून मी माफी जुळवतोय. दुसरं काम काय? पहिली जुळवली ती लांबलचक, गुहेपासून सुरू होणारी. मग वाटलं, एवढं ऐकेपर्यंत भांडी घासून संपतील तिची. कापली. पुन्हा कापली. घासूनपुसून तीन शब्दांवर आणलीय… ‘चुकलं माझं, बाई.’ जिभेच्या टोकावर तयार आहे. फक्त दादाने तोंड उघडायचं. आणि तिथेच तर घोडं अडलंय, कारण हा माणूस दिवसभर दुसऱ्यांना ‘तोंड उघडा’ म्हणतो, स्वतःचं उघडत नाही! ‘करतो फोन, करतो फोन’… आणि मी आपला ‘अगं’वर.

थांबा. थांबा हं… खोकं हललं!

झाकण निघालं! अहो, माणसं आली, खुर्च्या सरकल्या! वहिनीचा आवाज, ‘मी या वेळी कुणाला विचारलंच नाही. या म्हटलं, आले.’ शाब्बास वहिनी! आता ती विचारतेय, ‘कुठे होतो आपण?’

दादा फासा पुसत बसला.

जावईबापू म्हणाले, ‘मी शिंकत होतो.’ आणि ‘छी!’ सुटला एकदाचा जादूगार! धाकटी म्हणाली, ‘मला नाही बाई आठवत.’ दादा म्हणाला, ‘मलाही नाही.’ खोटं! दोघांनाही शब्द न् शब्द आठवतोय, वहिनीच्या वहीत लिहिलेलासुद्धा आहे. तिने गपचूप पान उलटलं.

दादा खाकरला. आली वेळ! मी तयार. चुकलं माझं, बाई… म्हण रे! म्हण!

‘अगं…’

हां…

‘अगं, तो तुझा पाला उरलाय का? मला घाल थोडा. पोटाला चांगला असतो म्हणे.’

पाला? इतके दिवस मी शब्द जुळवले, आणि हा पाला मागतोय?

पण वैद्यबाई वळल्या हो! चेहरा दिसला. डोळे ओले होते, आणि ओठ… हसू दाबल्यावर होतात तसे. म्हणाल्या, ‘कडू लागेल हं, सरदार.’ दादा म्हणाला, ‘लागू दे. तू दिलंयस ना.’ वर धाकटीने नाक ओढलं. ‘दादा,’ म्हणाली, ‘तू ना…’ मग तिने फासा टाकला, पाला कसा शिजला बघायला.

एक. वीस बाजूंपैकी नेमका एक!

वहिनी हसत हसत म्हणाली, ‘सरदार, जगातलं सगळ्यात कडू सूप आहे हे. काय करणार?’ दादा म्हणाला, ‘भरलेला चमचा तोंडात घालतो, आणि म्हणतो…’

आणि दादाचा फोन वाजला. कुणाची तरी दाढ! ‘मी आलोच,’ म्हणाला. धाकटी म्हणाली, ‘जा तू, मी आहे इथे. पुढच्या रविवारी खेळू, माझा रंग वाळला आता.’ वहिनीने कागद गोळा केले. खोकं. झाकण. कपाट.

त्या दारातल्या पाहुण्याला अजून कुणी ‘आत या’ म्हणालं नाही. वारा येतोच आहे. पण पाठ नाही, चेहरा समोर आहे माझ्या, वाट बघतोय मी काय म्हणतो याची. आणि माझ्या तोंडात हा चमचा! कडू, गरम, काठोकाठ. बरं वाटणार आहे हो मला, नक्की वाटणार… फक्त गिळायला मिळालं पाहिजे.