हैबतीबाबांचा साधा मोजा

...साधा, म्हणे. तुम्हाला सांगतो, हा 'साधा' शब्द ज्याने छापला ना, त्याला एकदा चार सुया आणि काळ्या मेंढीची लोकर देऊन आमच्या शिवरे गावच्या बांधावर बसवला पाहिजे. पुण्याहून मी ती पुस्तिका आणली, अठ्ठावीस पानांची, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत काय, तर 'नवशिक्यांसाठी साधा मोजा'. आता मी बी.ए. झालेला माणूस, तर्कशास्त्र पहिल्या वर्गात, मला वाटलं मोजा म्हणजे असून असून काय असणार? पायाच्या आकाराची पिशवी. वरून उघडी, खालून बंद. त्यात काय एवढं?

पण खरं सांगायचं तर चूक पुस्तिकेची नाही. चूक झाली मारुतीच्या देवळापुढे. तिथं मी भाषण केलं. कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण कॉलेजातून नुकताच घरी आलेला माणूस आणि समोर दहाबारा लोक बसलेले, म्हणजे भाषण होणारच की नाही? म्हणालो, लोकर आपल्या मेंढीची, हात आपले, मग विलायती मोजे कशाला? भोर संस्थानातला पहिला विणकामाचा वर्ग आपण इथं काढू. लोक माना डोलवत होते. अख्ख्या गावात मोजे घालणारा मी एकटाच आहे, हे माझ्या घरी आल्यावर ध्यानात आलं.

मागं हैबतीबाबा बसले होते. भातं निघाली की दर साली ते मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि सगळं बिऱ्हाड, घेऊन आमच्या रानात उतरतात, खाचरात मेंढरं बसवतात, जमिनीला खत मिळतं, आणि आठवडाभराने वाडा पुढं हलतो. म्हातारा उठला, काठीवर हनुवटी टेकली आणि म्हणाला, "ते मोजं का काय, ते मला हुईल का? पहाटं दवात चालाया लागतंय. टाच लई फुटलीया."

झालं. एवढ्या भाषणावर एका माणसाने एक प्रश्न विचारला आणि तो खरा निघाला. मी म्हणालो, "बाबा, वाडा हलायच्या आत जोडी तुमच्या पायात." ते म्हणाले, "म्हंजी आटव्या दिशी." मी म्हणालो, "आठव्या दिवशी." अहो, साधा मोजा तर विणायचा...

आता सुया कुठल्या? सायकलच्या मागच्या चाकाच्या चार तारा काढल्या, दगडावर घासून टोकं केली. तेव्हापासून चाक लंगडतंय, पण देशकार्यात एवढं चालायचंच. सूत दिलं हैबतीबाबांच्या बायकोनं, सारजाबाईंनी. ही बाई मेंढरांमागं चालता चालता सूत काढते. खांद्यावर लोकर, हातात गरगरणारी चाती, तोंडाने बकऱ्याला शिव्या, आणि सूत आपलं निघतंय. बैलाचं दावं वळावं असं जाड, आणि अंगाला लागलं की खाज.

पहिल्या दिवशी चाळीस टाके घातले. दुसऱ्या ओळीला अडतीस भरले. तिसऱ्या ओळीला त्रेचाळीस. दोन पडले ते समजलं, पण हे पाच आले कुठून? तर्कशास्त्रात याला उत्तर नाही. आमच्या ठकुबाई आत्या दळण घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"आनंदा, हे काय रं? उंदीर धरायचं इनतुयास व्हय?"

"मोजा आहे, आत्या."

"कुनाचा, हत्तीचा?"

"साधा मोजा आहे."

"मग हत्ती साधा असंल," म्हणून गेल्या. उसवला.

तिसऱ्या दिवशी नळी जमली. एक सुलट, एक उलट, एक सुलट, एक उलट, मनात म्हटलं, जमतंय की. आणि मग अकरावं पान आलं. अकराव्या पानावर काय असावं? 'आता टाच वळवावी.' पूर्णविराम. पुढची ओळ, 'टाच वळवून झाल्यावर पाऊल विणावे.' अहो, पण कशी वळवावी? कुठून? कुणीकडे? ज्या टाचेसाठी म्हातारा उठून उभा राहिला, नेमकी तीच गिळून पुस्तिका पुढं गेली. मी इकडून वळवली, कोपर झालं. तिकडून वळवली, शेंडी झाली. उसवला.

सारजाबाई रोज दुपारी मेंढरं पाण्यावर नेताना बांधावर टेकायच्या आणि बघायच्या. मी उसवायला लागलो की निघालेलं सूत गुंडाळून घ्यायच्या नि म्हणायच्या, "हं, धरा परत." मला त्यांची दया यायची बघा. मी समजावायचो, "सारजाबाई, हे शास्त्र आहे, वेळ लागतो." त्या म्हणायच्या, "व्हय."

पाचव्या दिवशी मात्र त्यांनी आपणहून विचारलं, "माप कुनाच्या पायाचं घेतलंय?"

"माझ्या."

"आन घालनार कोन?"

घ्या. गेलो हैबतीबाबांकडे, खाली बसलो आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. म्हातारा संकोचला. "नगं, आनंदराव, पायाला हात नका लावू." पण मी टाच हातात धरली होती... तुम्हाला सांगतो, भेग अशी, की माझ्या तारेचं टोक आत सहज मावलं असतं. आणि हा पाय रोज पहाटे दवातून चालतो, आणि मी देवळापुढं विलायती मोज्यांवर बोलत होतो. पण ती टाच तशी तळहातात बसली ना, तेव्हा कळलं. सगळे टाके विणत गोल जायचंच नाही, अर्धेच घ्यायचे, पुढं-मागं, पुढं-मागं, वाटीसारखा खोलगा झाला की मग बाकीचे जोडायचे. म्हणजे झालीच की टाच. एवढं एक वाक्य छापायला पुस्तिकेचं काय जात होतं?

सातव्या दिवशी एक मोजा तयार. एका अंगाने फुगलेला, पण टाच टाचेच्या जागी. मी तो सारजाबाईंना धुवायला दिला आणि दुसऱ्याचे टाके घातले. आठव्या दिवशी सकाळी वाडा हलायच्या तयारीत, गाढवं लादलेली, आणि दगडावर माझा मोजा... उभा. आपला आपण. आत पाय नाही, काही नाही, पोलिसाच्या बुटासारखा उभा. टिचकी मारली तर टक् वाजला.

"सारजाबाई, हे काय केलंत?"

"चिचुक्याची खळ दिली. घोंगडीच्या सुताला देतू तशी. न्हाईतर टिकंल व्हय?"

मी कपाळ धरलं. आठ दिवसांत मोजा एकच, आणि तोही लाकडाचा. पण हैबतीबाबांनी त्यात पाय घातला, दोन बांध दवातून चालून आले आणि म्हणाले, "दव लागत न्हाई. टाच निवली." मग दुसऱ्या पायाकडे बघून, "ह्यो रुसलाय पर."

मेंढरं वाटेला लागली. माझ्या हातात दुसऱ्या मोज्याच्या सहा ओळी. सारजाबाई आल्या, म्हणाल्या, "आना हिकडं," आणि माझ्या चारही तारा टाक्यांसकट घेऊन चालायला लागल्या. चालताना हात सुरू. सुयांकडे बघणं नाही, नजर बकऱ्यावर, आणि ओळीमागून ओळ सरकतेय. मी मागं धावत विचारलं, "अहो, हे तुम्ही शिकलात कधी?"

"तुमी आट येळा उसवलं की. एकदाच नीट जमलं असतं तर मला कुटनं कळलं असतं?"

हैबतीबाबा एका पायाने टक् टक् वाजत ओढ्यापर्यंत गेले, त्यांच्यामागं दुसरा मोजा हलत हलत वाढत गेला, आणि मी बांधावर उभा राहून बघत होतो, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. वळणावरून सारजाबाईंनी हाक दिली, "पुढल्या साली येतू तवा बसा माज्याजवळ. टाच तुमची अजून कच्ची हाय."

सायकल घरात उभी आहे, चार तारा कमी. आणि भोर संस्थानातला पहिला विणकामाचा वर्ग निघाला बरं का, बोललो तसा. त्यात नाव सध्या एकच आहे, माझं... आणि तेही शिकणाऱ्यांत.